हिराजीच्या होडीची बॅटरी

माझ्या दुकानाची पायरी चढणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिलं वाक्य एकच बोलायचं : "कालपर्यंत चांगली चालत होती." तरुणपणी मला या वाक्याचा राग यायचा. पुढे पुढे हसू यायला लागलं. आता दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, तर तेच वाक्य पुन्हा कुणीतरी येऊन बोलावं असं वाटतं. बॅटऱ्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

रेवदंड्याला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं आणि विजेचे खांब आमच्यापर्यंत पोचायचे होते. घर चौलला, नारळी-पोफळीच्या वाडीत. झाडांना पाणी लावणं हा आमच्या घराण्याचा उद्योग. मी मात्र मुंबईला एका मोटार गॅरेजात हात काळे करून घेतले आणि स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमाराला गावी परतलो. वडील म्हणाले, "झाडांना पाणी घालायचं सोडून डब्यांना पाणी घालतोस." ते खोटं नव्हतं.

दुकानात एक क्रूड ऑइलचं इंजिन, त्याला पट्ट्यानं जोडलेला डायनामो, भिंतीवर दोन मीटर आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या. इंजिन सुरू झालं की शेजारच्या पानवाल्याच्या बरण्या थरथरायच्या आणि तो मला शिव्या घालायचा. संध्याकाळी बातम्या ऐकायला मात्र माझ्याच बाकावर येऊन बसायचा.

ज्यांनी विजेशिवायचा रेडिओ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. त्या वेळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन बॅटऱ्या लागत. एक कोरडी, विटेएवढी, पुठ्ठ्यात बांधलेली. ती संपली की फेकून द्यायची. दुसरी पाण्याची. म्हणजे जाड काचेची चौकोनी बरणी, आत शिशाच्या पाट्या आणि ॲसिड मिसळलेलं पाणी. ही संपली की माझ्याकडे यायची आणि भरून परत जायची. बाजाराच्या दिवशी लोक बरणी कडीला धरून, धोतर सांभाळत, दुधाची चरवी आणावी तशी जपून घेऊन यायचे. बरणीवर मालकाचं नाव रंगानं लिहिलेलं असे. भावाभावांचं भांडण झालं की नाव खोडून नवीन लिहिलं जाई, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते मला आधी कळायचं.

या दोन बॅटऱ्यांचे स्वभाव अगदी वेगळे. कोरडी हलकी आणि स्वच्छ, पण तिच्याकडे एकदम जास्त मागितलं की दमते. थोडा वेळ बाजूला ठेवली तर पुन्हा ताजीतवानी दिसते आणि तुम्हाला फसवते. पाण्याची बॅटरी जड, कपड्यांना भोकं पाडणारी, निगा मागणारी. पण एकदा नीट भरून दिली की शेवटपर्यंत सारख्या जोरानं काम करते. माझ्या धंद्यातलं निम्मं ज्ञान एवढंच आहे. उरलेलं निम्मं गिऱ्हाइकांना न दुखावता सांगण्याचं.

ते जमणं सोपं नव्हतं. आमच्या चौलचे एक बागायतदार रेडिओची कोरडी बॅटरी पापडांबरोबर उन्हात वाळत घालायचे. उन्हानं ती खरंच थोडा वेळ जीव धरते, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोडून काढताही येईना. म्हसळ्याच्या एका व्यापाऱ्यानं बॅटरीतलं पाणी कमी झालं म्हणून गुलाबपाणी घातलं होतं. मी कपाळावर हात मारला, तर ते मलाच म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, वाफेचं धरलेलं पाणी घाला म्हणून? गुलाबपाणी कशाचं असतं?" बोलणं बिनतोड होतं. बॅटरी मेली ती मेलीच, पण दुकानाला दिवसभर लग्नघराचा वास येत होता.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ आली. पण बॅटरी निवडायची म्हणजे काय करायचं हे मला ज्याच्यामुळे कळलं, तो हिराजी. पन्नास साल उलटून बरीच वर्षं झाली होती, साठ अजून लागायचं होतं, त्या दरम्यानची ही गोष्ट.

हिराजी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. लढाईच्या काळात आरमारात तारायंत्रावर काम केलेला. लढाई संपल्यावर परत आला आणि बापाची मच्छीमारी होडी चालवायला लागला. होडीचा मालक म्हणून त्याला सगळे नाखवा म्हणायचे. एका वादळात कोर्लईच्या खडकांवर ती होडी फुटली. खलाशी वाचले, हिराजीही वाचला, पण त्याचा गुडघा होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला. तेव्हापासून तो काठी टेकत चालायचा. पुन्हा होडी बांधण्याची ऐपत नव्हती आणि पाय साथ देत नव्हता. बायको हौसाबाई सुकी मासळी डोक्यावर घेऊन चौल-नागावपर्यंत फिरायची, त्यावर घर चालायचं. मूलबाळ नव्हतं.

एका दुपारी तो दुकानात आला आणि काठी बाजूला ठेवून बाकावर बसला. मग म्हणाला, "दादा, येक होडी बांदलंय. अडीच हाताची. तिला बॅटरी कोनची घालू?"

मला वाटलं, भाच्यासाठी खेळणं केलं असेल. मी तसं म्हणालोही. त्यानं मान हलवली. "खेलनं न्हाय. होडी हाय."

त्यानं सगळं समजावून सांगितलं. मुंबईच्या जुन्या बाजारात लष्कराचं भंगार मिळत असे. तिथून त्यानं व्हॉल्व्ह, तारा, वेटोळी असं एकेक करून आणलं होतं. किनाऱ्यावर उभं राहून पेटीतलं बटण दाबायचं, की बिनतारी खूण होडीतल्या छोट्या रेडिओला मिळायची. तो एक खिट्टी सोडायचा आणि पिळून ठेवलेल्या रबराच्या जोरावर सुकाणू एक घर पुढे सरकायचं : डावीकडे, सरळ, उजवीकडे, पुन्हा सरळ. मागचा पंखा फिरवायला जुन्या मोटारीच्या वायपरची सहा व्होल्टची मोटर होती. अशा यंत्राला सरकारी परवाना लागतो का, हे त्यानं मला विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आरमारात जन्म काढलेल्या एखाद्या साहेबानंही बघत राहावं असं काम होतं. मी रेडिओ दुरुस्त करत असे, पण हे माझ्या डोक्यावरून गेलं.

"कशासाठी केलंस पण एवढं?" मी विचारलं.

तो काठी उचलून बाहेर पडला. कारण मला हौसाबाईंकडून कळलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून परतताना त्यांनी रिकामी टोपली माझ्या पायरीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. नारळी पुनवेला कोळीवाड्याचा एक मोठा नारळ सगळ्यांचा मिळून दर्याला जातो. त्यानंतर ज्या ज्या घराची होडी आहे, त्या घराचा नारळ त्याच्या स्वतःच्या होडीवरून जातो. होडी नाही, त्या घराचा वेगळा नारळ नाही. होडी फुटल्यापासून हिराजी पुनवेला घराबाहेर पडत नव्हता. दार लावून आत बसायचा.

"दादा, यांना दुसरं कायपन नको," त्या म्हणाल्या. "आमचा नारल आमच्या होडीवरना जावा. मग भलं मी जलमभर टोपली वाहीन." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मी उगाच बॅटरीचं ॲसिड मोजायचा हायड्रोमीटर पुसत बसलो.

कोळीवाड्याचा निर्णय धाकू पाटलांच्या हाती होता. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. हिराजीनं त्यांना होडी नेऊन दाखवली तेव्हा ते हसले नाहीत, ही मोठीच गोष्ट. त्यांनी ती हातात घेतली, फळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लाकडाचं काम बेस हाय. पन होडी म्हंजे काय रं? जी दर्यावर जाते आनि आपली आपन परत येते. हात लावून आनायला लागली, ती होडी न्हाय. लाकूड." खाडीच्या तोंडाशी जाळ्यांची खूण म्हणून एक खांब रोवलेला होता. तिथं नारळ सोडायचा आणि कुणी हात न लावता किनाऱ्याला परत यायचं, असं ठरलं. तसं झालं तर हिराजीचं घर होडीवाल्यांत.

म्हणजे सगळा प्रश्न बॅटरीवर येऊन ठेपला.

मी त्याला सांगितलं, होडीला दोन बॅटऱ्या लागतील. एक कानांसाठी, एक पायांसाठी. रेडिओचं पोट लहान असतं, त्याला छोटी कोरडी बॅटरी पुष्कळ झाली. मोटर मात्र खादाड. तिला पाण्याचीच बॅटरी हवी. मोटारीची बॅटरी आणून आम्ही होडीत ठेवून बघितली, तर होडीची कड पाण्याला टेकली. मोटरसायकलची चालली असती, पण तेव्हा आमच्या पंचक्रोशीत मोटरसायकली दोन आणि त्यांच्या बॅटऱ्या माझ्याच फळीवर मरून पडलेल्या. हिराजीनं टेलिफोनला लावतात तसले मोठे कोरडे सेल आणले. चार जोडले की सहा व्होल्ट होतात, वजनाला हलके. मी म्हटलं, दमतील. तो म्हणाला, बघू तर.

बघायला आम्ही गेलो चौलच्या पोखरणीत. मी वाडीतला माणूस. पाण्यात काही तरंगवून बघायचं तर आमच्या डोळ्यांसमोर पोखरणच येते. देवळामागचं तळं : हिरवं, थंड, हलायचं नाव न घेणारं पाणी. होडी अशी सुंदर चालली की मला माझे शब्द गिळावे लागले. मागच्या उतरत्या फळीवर नारळ ठेवला होता. हिराजीनं होडी गर्रकन वळवली की तो घरंगळून पाण्यात पडायचा. पंधरा वेळा तरी करून बघितलं असेल. मध्ये मध्ये नारळ शोधायला, रबराला पीळ द्यायला आम्ही थांबत होतो, तेवढ्यात सेल विसावत होते. ही गोष्ट डोळ्यांदेखत घडत होती आणि दोघांपैकी एकालाही दिसली नाही. मी बॅटरीवाला, तो दर्यावर्दी, आणि दोघं मिळून तळ्यात खूश.

पुनवेच्या आधी थोडे दिवस खाडीत चाचणी घेतली. बातमी पसरली होतीच, त्यामुळे निम्मा कोळीवाडा आणि धाकू पाटील वाळूत येऊन उभे. होडी खांबापर्यंत झोकात गेली, नारळ सोडला, वळली. आणि मग तिची चाल हळूहळू मंदावत गेली. अर्ध्या वाटेवर पंखा नुसता कण्हल्यासारखा फिरत होता. बटण दाबलं की सुकाणू इमानानं वळायचं, पण होडीत दमच नव्हता. ओहोटीनं तिला उलटं समुद्राकडे ओढायला सुरुवात केली, तेव्हा कुणीतरी डोणी घालून तिला पकडून आणलं. डोणीवाल्यानं ती हिराजीच्या पुढ्यात ठेवली. लोक हसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

पाटील जाता जाता एवढंच म्हणाले, "पुनवेला आन. तवाच बघू."

दुकानात परत आल्यावर मी ते सेल मीटरला लावले. सेल चांगले सहा व्होल्ट दाखवत होते, जणू काही झालंच नव्हतं. हिराजी मीटरकडे बघून म्हणाला, "मेला खोटारडा." मग बाकावर आडवा झाला आणि डोळ्यांवर हात ठेवून पडून राहिला. जाण्याची ताकद आम्ही मोजली होती. येताना समोर ओहोटी असणार, पुनवेची म्हणजे उधाणाची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण तळ्यातल्या यशानं दोघांच्याही डोळ्यांवर झापड आली होती.

उपाय माझ्या डोळ्यांसमोर फळीवर होता. नवीन ट्रान्झिस्टर यायला लागले होते आणि ज्यांच्याकडे ते आले त्यांच्या काचेच्या बरण्या माझ्याकडे बेवारशी पडून राहायच्या. बायका त्या लोणच्यासाठी मागायच्या आणि मी देत नसे, म्हणून मला कंजूष म्हणायच्या. शिसं पोटात जाण्यापेक्षा माझं नाव खराब झालेलं बरं. एक बरणी दोन व्होल्टची. तीन ओळीनं जोडल्या की सहा. आणि दम असा की मोटर दुपारभर फिरवली तरी तक्रार नाही. फक्त वजन.

होडीच्या पोटात हिराजीनं तोल राखायला दगड घातले होते, मोठ्या होडीत घालतात तसेच. हे दगड काढले तर बरण्यांना जागा आणि वजनाला वाव, दोन्ही होत होतं. पण तो दगड काढायला तयार होईना. ते दगड त्याच्या फुटलेल्या होडीतले होते. कोर्लईच्या खडकांतून ओहोटीच्या वेळी स्वतः जाऊन वेचून आणलेले, काठी टेकत. ते निघाले तर ही होडी त्या होडीची कुणीच लागत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यापुढे माझं गणित काय चालणार? मी बरण्या त्याच्या पुढ्यात मांडून ठेवल्या.

हौसाबाई टोपली घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, होडीशेजारी बसल्या आणि एकेक दगड काढून पदरात घेतला. "घरात देवाजवल ठेवते," त्या म्हणाल्या. "दगडाच्या जागी शिसं. दर्याला काय, वजनच लागतंय ना?" हिराजी बघत राहिला, पण त्यानं त्यांचा हात धरला नाही.

बरण्या मी कण्याच्या रेषेत, एकीमागे एक, अगदी खाली बसवल्या. मधे काथ्या ठासला. तोंडांना बुचं मारली आणि वाफ जायला बुचांत बारीक नळ्या ठेवल्या. वर झाकण, झाकणाच्या सांध्यांना डांबर. होडी पाण्यात हवी तेवढीच बुडाली आणि डुलायची मात्र कमी झाली. बॅटरीच्या ज्या ओझ्याबद्दल मी इतकी वर्षं लोकांची समजूत काढत आलो होतो, ते ओझं इथं कामाला आलं. मग बाहेर काढून ठेवलेल्या तारांना जोडून मी त्या बरण्या सावकाश, हळू करंटवर भरल्या. घाईनं भरलेली बॅटरी वरवर भरते. त्या दिवसांत दुसऱ्या कुणाच्या बॅटऱ्या घेतल्या नाहीत. पानवालासुद्धा इंजिनाबद्दल काही बोलला नाही.

पुनवेच्या दिवशी सकाळीच भांडणाचा प्रसंग आला. नव्या होडीच्या इंजिनावर नारळाचं पाणी शिंपडायचा त्यांच्यात रिवाज. हौसाबाई नारळ फोडून, डांबर उकरून झाकण उघडायला निघाल्या आणि मी ओरडलोच. नारळाचं पाणी तारांवर पडलं असतं तर रेडिओचे कान बसले असते. त्या म्हणाल्या, इंजिनाची पूजा केल्याबिगर होडी पाण्यात घालायची न्हाय. मी म्हटलं, केलीत तर बाहेर निघायची नाही. शेवटी पाणी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर शिंपडायचं आणि झाकणावर कुंकू लावायचं, यावर मिटलं. कुंकू त्यांनी एवढं लावलं की डांबर दिसेना.

दुपार कलल्यावर सगळे किनाऱ्यावर जमले. नवी लुगडी, वाजंत्री, सोनेरी कागदात गुंडाळलेला मोठा नारळ. तो गेला, मग एकेका होडीचा गेला. सगळ्यांत शेवटी हिराजी पेटी गळ्यात अडकवून, काठीवर भार देऊन पाण्याच्या कडेला उभा राहिला. मी त्याच्या मागे. होडी सुटली. ओहोटी चांगली जोरात लागलेली, त्यामुळे ती खांबापर्यंत पळतच गेली. गर्रकन वळली, नारळ पाण्यात पडला, आणि वाजंत्रीवाले आपोआप थांबले. आता परतायचं होतं.

होडीनं नाळ आमच्याकडे केली आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

पंखा फिरत होता, मागे पाण्याला फेस येत होता. पण ओहोटीचा जोर आणि मोटरचा जोर बरोबर सारखा झाला होता. होडी पुढे येत नव्हती आणि मागेही जात नव्हती. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आनू का?" हिराजीनं मान न वळवता सांगितलं, "कुनी हात लावायचा न्हाय." मग खालच्या आवाजात मला विचारलं, "दादा, किती दम हाय तिच्यात?"

"ओहोटी संपेपर्यंत पुरेल," मी म्हटलं. मला तसं वाटत होतं. खात्री नव्हती.

"मंग थांबू," तो म्हणाला.

आणि आम्ही थांबलो. बटण तो क्वचितच दाबत होता, कारण रबराचा पीळ संपला की सुकाणू संपलं. होडीची नाळ जरा ढळली की दाबून वळवायचा, ती जागेवर आली की दाबून सुकाणू सरळ करायचा. पाण्याकडे बघून तो प्रवाह वाचत होता. थोडी डावीकडे घेऊन त्यानं ती खडकांच्या आडोशाला आणली, जिथं ओढ जरा कमी होती. माझं लक्ष मात्र पंख्यामागच्या फेसावर. फेस कमी झाला म्हणजे बॅटरी चालली. कोरड्या सेलांच्या वेळी तो कसा विरत गेला होता, ते मला दिसत होतं. आयुष्यात हजारो बॅटऱ्या भरल्या, पण त्या तीन बरण्यांसाठी मी चौलच्या सगळ्या देवांची नावं घेतली. फेस तसाच राहिला, पांढरा, सारखा.

लोक कंटाळले. पोरंबाळं घेऊन बायका घरी जायला लागल्या, वाजंत्रीवाले वाळूत बसले. धाकू पाटील हललेही नाहीत. त्यांना होडीच्या त्या उभ्या राहण्यात काय दिसत होतं, ते मला उशिरा कळलं. वाऱ्या-प्रवाहापुढे बळ पुरत नसेल तर नाखवा जागा धरून ठेवतो आणि पाणी फिरायची वाट बघतो. त्यांनी स्वतः ते आयुष्यभर केलं होतं.

सूर्य खाली गेला. खांबाच्या बुंध्याशी असलेली पाण्याची वळवळ मंदावली. आधी मला भास वाटला, पण होडी खडकाच्या एका टोकाच्या पुढे आली होती. मग दुसऱ्या टोकाच्या. ओहोटीचा दम संपत आला होता, आमच्या बरण्यांचा नव्हता. हौसाबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या, कुणापासून लपवत नव्हत्या. गेलेल्या बायका परत यायला लागल्या. होडी सावकाश, बैल गोठ्याकडे यावा तशी, सरळ आली आणि तिची नाळ वाळूत रुतली. पंखा अजून फिरत होता.

हौसाबाई पुढे झाल्या. एरवी त्या होडी टोपलीसारखी काखेत मारून न्यायच्या, तशीच उचलायला वाकल्या.

"थांब," धाकू पाटील म्हणाले. "नाखव्याची होडी अशी उचलतात काय?"

आमच्या किनाऱ्यावर होडी परत आली की जवळपास असेल तो प्रत्येक माणूस ती वर ओढायला हात लावतो. पाटलांनी मागे वळून नुसतं बघितलं. वाळूत बसलेले तांडेल, खलाशी उठले आणि त्या अडीच हाताच्या होडीभोवती दोन्ही बाजूंनी वाकले. एका माणसाच्या काखेत मावणारी होडी. कुणाचा हात कडेला लागला, कुणाचं एक बोट, कुणी नुसतंच पुढच्याच्या खांद्याला धरलं. पाटलांनी हाक दिली आणि सगळ्यांनी एका सुरात ओ दिली, मोठ्या होडीला देतात तेवढ्याच जोरात. हाकेमागून हाक, पावलामागून पाऊल, होडी वाळूवरून वर चालली. मीही धावत पुढे झालो, पण मला हात लावायला जागाच उरली नव्हती.